मावशीच्या वहीतले कप ग्रॅममध्ये आणताना: कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट

मावशीची पाककृतींची वही आता माझ्याकडे आली आहे. ४२ कृती आहेत, बहुतेक पाव, केक आणि बिस्किटं. सगळी मापं कपात आणि चमच्यात. याच वहीच्या झेरॉक्सवरून मी, माझा धाकटा भाऊ आणि मावसबहीण असे तिघं भाजतो, आणि तिघांची बिस्किटं तीन तऱ्हेची होतात. भावाची पसरतात, मावसबहिणीची दगडासारखी होतात, माझी कधी अशी कधी तशी. तिघांकडे कप वेगळे, चमचे वेगळे, भरायची पद्धत वेगळी. म्हणून सगळी वही वजनात लिहून काढायचं ठरवलं.

हाताशी आहे ते: ५ किलोपर्यंतचा डिजिटल वजनकाटा (१ ग्रॅमच्या टप्प्याचा), २५० मिलीच्या कपाचा मापसंच, ५०० मिलीचं खुणा असलेलं काचेचं भांडं. दोन शनिवार-रविवारांत काम उरकेल असं वाटलं होतं. सात आठवडे लागले. ही ओळ नंतर घातली आहे. कुणी हेच काम हाती घेणार असेल तर त्याला आधीच कळलेलं बरं.

४ ऑगस्ट

आधी काटा तपासला. पितळी वजनं मागून आणली: १००, २०० आणि ५०० ग्रॅम. ताटलीच्या मधोमध ठेवली तर १००, २००, ४९९. छान. तेच ५०० ग्रॅम ताटलीच्या कडेला ठेवलं तर ४९६. म्हणजे भांडं नेहमी मधोमध ठेवायचं. काटा जाड मेणकापडावर ठेवला होता तेव्हा आकडा स्थिरच होईना. ओट्याच्या दगडावर ठेवल्यावर लगेच स्थिर झाला. पंख्याखाली हलकं रुंद भांडं ठेवलं की १-२ ग्रॅम इकडेतिकडे होतात, म्हणून पंखा बंद.

या सगळ्याला तासभर लागला. पुढे काही चुकलं की काट्यावर संशय घ्यायची वेळ आली नाही, तेव्हा हा तास वाया गेला नाही.

६ ऑगस्ट

तयार तक्ता घेतला: मैदा १ कप १२० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, बटर २२७ ग्रॅम, वगैरे. पातळ पदार्थांसाठी माझा मापाचा कप २५० मिलीचा आहे म्हणून पाणी २५० ग्रॅम धरलं. एका संध्याकाळीत ११ कृती उतरवल्या. फारच सोपं वाटलं.

९ ऑगस्ट

पहिली चाचणी साध्या पावाची. वहीत: ३ कप मैदा, सव्वा कप पाणी. माझ्या नोंदीत: ३६० ग्रॅम मैदा, ३१२ ग्रॅम पाणी.

कणकेचा गोळा झालाच नाही. धिरड्याचं पीठ असावं तसं सैल झालं. वीस मिनिटं मळत बसले, मग साच्यात ओतून भाजलं. वर फुगून मध्ये खचलं, आतून चिकट. टाकून दिलं.

रात्री हिशेब मांडला. मैद्याचं वजन १०० धरलं तर पाणी ८७ येतं. साच्यातल्या साध्या पावाला ६० ते ६५ च्या आसपास पाणी असतं. ८७ टक्क्यांचं पीठ नेहमीसारखं हाताने मळता येत नाही. हे भाजण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून प्रत्येक पावाच्या कृतीशेजारी हा टक्का लिहिते, आणि तो विचित्र दिसला की भट्टी लावत नाही.

एक चूक तर उघडच होती. मैद्याचा १२० हा आकडा अमेरिकेतल्या २३६ मिलीच्या कपाचा आहे. पाणी मात्र मी २५० मिलीच्या कपाने धरलं. एकाच कृतीत दोन कप. पण तेवढ्याने ८७ चे ६३ होत नाहीत.

१० ऑगस्ट

एकच डबा, एकच मैदा, एकच २५० मिलीचा कप. फक्त भरायची रीत बदलली. प्रत्येक रीतीने पाच वेळा भरून सरासरी काढली.

चाळून, चमच्याने अलगद भरून, सुरीच्या पाठीने सपाट: ११२ ग्रॅम.
न चाळता चमच्याने भरून सपाट: १२८ ग्रॅम.
डब्यात कप बुडवून सपाट: १५० ग्रॅम.
बुडवून, ओट्यावर आपटून, पुन्हा भरून सपाट: १७१ ग्रॅम.

खालच्या आणि वरच्या आकड्यात दीडपटीचा फरक आहे, आणि चारही वेळा प्रामाणिकपणे ‘एक कप मैदा’च भरला होता. मैदा दाबला जातो, त्यात हवा राहते. साखरेचे दाणे असे दबत नाहीत. साखर त्याच कपात पाच वेळा भरली तर २११ ते २१५ च्या आतच राहिली.

म्हणजे तक्ता चुकीचा नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी हाताचा आहे. मला मावशीच्या हाताचा आकडा हवा.

१२ ऑगस्ट

मावशीला फोन केला.

“मावशी, वहीतला कप म्हणजे नक्की कुठला गं?”

“अगं, तो पांढरा, दांडा तुटलेला. तुम्ही लहान होतात तेव्हा त्यातच माप असायचं.”

“तो आहे अजून?”

“कधीच फुटला. पण चमचा आहे.”

चमचा पाठव म्हटलं. कपाचं काय करायचं याचा दोन दिवस विचार केला.

१४ ऑगस्ट

आज नशीब चांगलं. वहीच्या शेवटच्या पानावर, वाणसामानाच्या यादीखाली, मावशीच्या अक्षरात दोन ओळी सापडल्या.

अर्धा किलो साखर – अडीच कप बरोबर.
१ लिटर दूध – साडेचार कप, वर घोटभर.

पहिल्या ओळीवरून एक कप साखर २०० ग्रॅम. माझ्या २५० मिलीच्या कपात सपाट साखर सरासरी २१३ ग्रॅम बसते, म्हणजे मिलीला ०.८५२ ग्रॅम. २०० भागिले ०.८५२ म्हणजे २३५ मिली. तो २३६ मिलीच्या जातीचा कप होता, माझ्या २५० च्या नव्हे. इतकं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या ओळीने मात्र घोटाळा केला. घोटभर म्हणजे ३० मिली धरले तर साडेचार कपांत ९७० मिली, एक कप साधारण २१५ मिली. एकाच कपाची दोन मापं कशी? आधी वाटलं दुधाची नोंद दुसऱ्या भांड्याची असेल. मग वाटलं साखर शिगोशीग भरली असेल. शीग लावली तर कप लहानच निघायला हवा. तेही करून पाहिलं: २१५ मिलीच्या खुणेपर्यंत भरलेल्या पेल्यावर शीग लावली. २०० ग्रॅमच्या जवळपास गेली खरी, पण दर वेळी आकडा वेगळा, आणि मावशीने ‘बरोबर’ असा शब्द लिहिला आहे. शीग लावून कुणी बरोबर लिहीत नाही.

पूर्ण दिवस यात गेला. उत्तर नाही.

१७ ऑगस्ट

मावशी स्वतः आली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

घरातले सगळे जुने चहाचे कप पाण्याने भरून तोलले आणि काठोकाठ २३८ ग्रॅम पाणी मावणारा एक निवडला. काठोकाठ भरताना एक जपावं लागतं: पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं आणि तरी सांडत नाही. हा फुगवटा धरला तर माझ्या कपात ५ ग्रॅम जास्त येत होते. काठावर एक सपाट काच सरकवून वरचं पाणी काढून टाकलं, मग तोललं. घरातल्या तापमानाला १ मिली पाणी जवळजवळ १ ग्रॅमच भरतं, तेव्हा ग्रॅम म्हणजेच मिली.

मावशीला तो कप आणि मैद्याचा डबा दिला. काही सांगितलं नाही, फक्त “नेहमीसारखा भर” म्हटलं. तिने कप डब्यात खुपसला, डब्याच्या कडेवर एकदा टेकवला आणि तर्जनीने वरचा मैदा ओढून डब्यातच पाडला. दहा वेळा. सर्वांत कमी १३८, सर्वांत जास्त १४९, सरासरी १४३. २३६ मिलीला १४२ ग्रॅम.

इतकी वर्षं हातात तोच कप नसतानाही दहा वेळांत ११ ग्रॅमच्या आत. मी माझ्या ठरलेल्या रीतीने भरते तेव्हा माझाही पल्ला एवढाच असतो. तिचा हात कच्चा नव्हता, आम्हीच तो बघितला नव्हता.

मग पाणी. तांब्यातून ओतायला सांगितलं. ती काठाखाली बोटभर जागा ठेवून थांबली. मी म्हटलं, अजून जागा आहे. ती म्हणाली, “एवढं भरलं तर उचलताना सांडणार नाही का?”

पाच वेळा ओतलं: २१४, २१८, २११, २१६, २१५. साडेचार कप आणि वर घोटभर.

वहीत ‘कप’ हा एकच शब्द आहे, पण कोरड्या जिन्नसाला तो २३६ मिली आणि पातळ जिन्नसाला २१५ मिली. कुठेही लिहिलेलं नाही, कारण लिहायची गरज तिला कधी पडलीच नाही. दोन्ही ओळी खऱ्या होत्या.

११ कृती फाडून टाकल्या.

२० ऑगस्ट

पाव पुन्हा. ३ कप मैदा ४२६ ग्रॅम, सव्वा कप पाणी २६९ ग्रॅम. टक्का ६३. भट्टी लावायच्या आधीच मन शांत होतं. दहा मिनिटांत गुळगुळीत गोळा, नेहमीच्या वेळात दुप्पट फुगला, कापल्यावर बारीक जाळी. मावशीकडे खाल्लेला हाच.

आतापर्यंतचं नुकसान: सव्वा किलोच्या वर मैदा, यीस्ट, आणि दोन आठवडे.

२३ ऑगस्ट

चमचा आला. स्टीलचा, टोकाला झिजलेला. दहा चमचे पाणी तोललं: ४१ ग्रॅम. म्हणजे ४.१ मिली, मापाचा लहान चमचा ५ मिलीचा असतो. वहीत जिथे ‘१ चमचा मीठ’ आहे तिथे मी प्रमाण कमी करणार, तेवढ्यात आठवलं की भरायची रीत विचारलेली नाही. फोन केला. मीठ, सोडा, बेकिंग पावडर सगळं शीग लावून.

शीग लावून दहा चमचे मीठ: ६२ ग्रॅम. ५ मिलीच्या मापाच्या चमच्याने दहा सपाट चमचे: ५९ ग्रॅम. जवळजवळ सारखेच. मिठापुरतं आम्ही तिघं सुरुवातीपासून बरोबर होतो.

एक-एक चमचा १ ग्रॅमच्या काट्यावर तोलू नये. ४.६ असो की ५.४, काटा ५ च दाखवणार. दहा चमचे तोलून दहाने भागलं की हा प्रश्न सुटतो. ५ मिलीच्या सपाट चमच्याचे माझे आकडे: बारीक मीठ ५.९, खायचा सोडा ४.८, बेकिंग पावडर ४.३, बारीक दाण्याचं कोरडं यीस्ट ३.१. जाड मीठ आणि पापुद्र्याचं मीठ यांचे आकडे इथे मुद्दाम देत नाही. दाण्याच्या आकाराप्रमाणे चमच्यातलं वजन निम्म्यावरही येऊ शकतं. आपलं मीठ आपणच तोलावं.

२५ ऑगस्ट

कोकोचा केक कडू झाला. नोंदीत १५ ग्रॅम कोको होता आणि मी १५ च तोलला होता. डब्यात उरलेला कोको पाहिल्यावर शंका आली, म्हणून डबा तोलला: २१ ग्रॅम गेला होता.

कारण शोधायला अर्धा दिवस लागला. भांडं ठेवून काटा शून्यावर आणला आणि कोको चिमटीचिमटीने भुरभुरवला. काट्याला शून्याजवळचा बारीक फरक स्वतःहून पुसायची सवय असते, म्हणजे थोडासा हललेला आकडा तो पुन्हा शून्य धरतो. त्यामुळे पहिल्या कित्येक चिमटी मोजल्याच गेल्या नाहीत. भांडं रिकामं ठेवून पुन्हा करून पाहिलं: ४ ग्रॅम कोको पडला तरी आकडा ०.

उपाय दोन. एक, पहिला चमचा एकदम टाकायचा, म्हणजे आकडा शून्यापासून लांब जातो. दोन, उलटं तोलायचं: कोकोचा डबाच काट्यावर ठेवून शून्य करायचा आणि त्यातून काढत जायचं. -१५ दिसलं की थांबायचं. मधासाठी तर उलटं तोलणंच बरं. कपाला चिकटून राहणाऱ्या मधाचा हिशेब उरत नाही, आणि कप धुवायचा वाचतो.

२७ ऑगस्ट

बटर. घट्ट बटर कपात दाबून भरलं तर तळाशी हवेच्या पोकळ्या राहतात: २०४, २१९, २१२. म्हणून पाण्यात बुडवून मोजायचं ठरवलं. काचेच्या भांड्यात २०० मिली थंड पाणी, त्यात बटरचे तुकडे टाकत पाणी ४३६ वर आणायचं, म्हणजे २३६ मिली बटर झालं. तुकडे काढून पुसून तोलले: २३६ ग्रॅम.

आकडा जुळला म्हणून आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की बटर पाण्यावर तरंगत होतं. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी सारते; तिचा काही भाग पाण्याबाहेर असतो. मी घनफळ मोजलंच नव्हतं, पाण्याकडून वजन करून घेतलं होतं. बारीक काडीने सगळे तुकडे पाण्याखाली दाबून धरले तर पाणी ४४७ वर गेलं. मग तुकडे कमी करत, दाबून धरून, ४३६ वर आणलं. वजन २२५ ग्रॅम. हा खरा आकडा.

(ज्यांच्याकडे काटा नाही त्यांना ही चूक उपयोगी पडेल. तरंगणारा जिन्नस असेल तर तो दाबायचा नाही. पाणी जितके मिली चढेल तितके ग्रॅम.)

मावशीला विचारलं तर निम्म्या कृतींत ती बटर वितळवून मापते. मग ते पातळ झालं, काठाखाली बोटभर थांबणार. तोललं: १९६ ग्रॅम. ‘१ कप बटर’ या तीन शब्दांसाठी वहीत आता दोन आकडे आहेत आणि प्रत्येक कृतीपुढे कुठला ते तिला विचारून लिहिलं आहे. या फोनला पाऊण तास लागला, आणि तिला एकाही कृतीत अडखळावं लागलं नाही.

३० ऑगस्ट

सगळं संगणकावरच्या तक्त्यात चढवायला घेतलं: एका रकान्यात कप, दुसऱ्यात कपाचं वजन, तिसऱ्यात गुणाकार. पहिल्याच केकला नव्वद लाख ग्रॅमांच्या वर साखर निघाली. अर्ध्या कपासाठी १/२ लिहिलं होतं, आणि तक्त्याने ती तारीख धरली. तारीख आत दिवसांच्या संख्येने साठवलेली असते, आजकालच्या तारखांना ती पंचेचाळीस हजारांच्या पुढे जाते. तिला २०० ने गुणलं गेलं. ही चूक निदान डोळ्यांत भरते. जिथे मी १/४ लिहून गुणाकार न करता नुसतं छापून घेतलं असतं, तिथे ‘१ एप्रिल कप दूध’ असं गेलं असतं. आता सगळीकडे ०.५, ०.२५, ०.३३. आणि सूत्र लावायच्या आधी रकाना संख्येचा आहे ना, ते पाहते.

२ सप्टेंबर

वहीत पानांना चिकटवलेली परदेशी मासिकांची कात्रणं आहेत. ती मावशीच्या कपाने भाजायची नाहीत, त्यांचा कप त्यांचा. अमेरिकेतला कप २३६.६ मिली, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २०. ऑस्ट्रेलियातल्या एका कात्रणात ३ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आहे. १५ च्या चमच्याने २४ ग्रॅम, २० च्या चमच्याने ३२. त्या कृतीतलं क्रीम आमच्याकडे कधीच घट्ट झालं नाही, त्याचं कारण हेच.

औंसाने जास्त दमवलं. एका केकमध्ये हाताने उतरवलेलं ‘८ औंस मध’ आहे. औंस वजनाचा असतो (२८.३५ ग्रॅम) आणि पातळ मापाचाही (अमेरिकेतला २९.५७ मिली). पाण्यादुधाला दोन्ही जवळपास सारखे, म्हणून चूक कळत नाही. मध पाण्याच्या १.४२ पट जड. वजनाचे ८ औंस म्हणजे २२७ ग्रॅम, मापाचे ८ औंस म्हणजे ३३६. मी २२७ ने केला, केक कोरडा आणि फिका झाला. मग त्याच कात्रणाची छापील प्रत मागच्या पानाला चिकटलेली निघाली. तिच्यात ‘१ कप’ आहे. म्हणजे ३३६. उतरवताना कुणीतरी कपाचा औंस केला आणि कोणता औंस ते लिहायचं राहिलं.

५ सप्टेंबर

बदाम. ‘१ कप बदाम, पूड करून’ आणि ‘१ कप बदामाची पूड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आख्खे बदाम कपात १४२ ग्रॅम, पूड ९७. वहीत दोन्ही तऱ्हेने लिहिलं आहे, आणि मी एका ठिकाणी घाईत दोन्हींना ९७ लावलं. शब्दांचा क्रम नीट वाचला की उत्तर तिथेच असतं: आधी मापायचं आणि मग कुटायचं, की आधी कुटायचं. ‘१ कप चाळलेली पिठीसाखर’ आणि ‘१ कप पिठीसाखर, चाळून’ यांचंही तेच.

अंडी वहीत संख्येने आहेत. डझनभर फोडून तोलली तर ४६ ते ५८ ग्रॅम, सरासरी ५१. तीन अंड्यांच्या केकमध्ये हा फरक चालून जातो. संख्या तशीच ठेवली, शेजारी ग्रॅम लिहिले.

८ सप्टेंबर

५०० ग्रॅम मैदा परातीत पसरून दोन दिवस उघडा ठेवला. हवा दमट होती. आज ५०७. वाढलेले ७ ग्रॅम पाणीच आहे. हे वजनाने सुटत नाही, म्हणून पावाच्या प्रत्येक कृतीत पाण्यातलं २० ग्रॅम शेवटी घालायला ठेवते.

आकडे जवळच्या पूर्ण आकड्याला आणायचा नियमही आज ठरवला. तक्त्यात २८३.९ असं काहीतरी येतं. मावशीच्या हाताचाच पल्ला ११ ग्रॅमचा असताना दशांश लिहिणं खोटं आहे. मैदा, साखर, बटर, दूध जवळच्या ५ ग्रॅमला. मीठ, सोडा, यीस्ट अर्ध्या ग्रॅमला. पावाला मात्र पाणी आणि मैदा विरुद्ध बाजूंना सरकू देत नाही, टक्का हलतो.

१४ सप्टेंबर

बिस्किटांची समोरासमोर चाचणी. मावशीने कपाने केली, मी ग्रॅमने, एकाच भट्टीत, एकाच पत्र्यावर निम्मी-निम्मी. दोन कप मैदा माझ्या नोंदीत २८५ ग्रॅम. शिवाय एक घाणा जुन्या तक्त्याच्या २४० ग्रॅमने.

भाजल्यावर पट्टीने मोजली. मावशीची ६२ मिमी, माझी ६४, जुन्या तक्त्याची ७८ आणि कडेला करपलेली. भावाची पसरत होती ती अशीच. मावसबहिणीला फोन करून मैदा कसा भरते ते विचारलं: कप ओट्यावर आपटून.

मावशीने माझं बिस्किट खाल्लं आणि विचारलं, “हे माझं की तुझं?” मी सांगितलं नाही, दुसरं दिलं.

२१ सप्टेंबर

३९ कृती झाल्या. भावाला आणि मावसबहिणीला पाठवल्या. मावसबहिणीची बिस्किटं पहिल्याच घाण्यात खुसखुशीत झाली, फोटोच्या आधी तिचा आवाजच आला.

राहिलेल्या तीन कृतींत माप असं नाहीच: ‘लागेल तितका मैदा’. तिथे ना कप कामाचा ना तक्ता. मावशी म्हणते, हाताला चिकटायचं थांबेपर्यंत. यासाठी मैद्याचा आख्खा डबाच काट्यावर ठेवला आणि तिला त्यातूनच घेत करू दिलं. परातीत आणि ओट्यावर उरलेला मैदा खरवडून परत डब्यात. पहिली कृती आज झाली: आधी २,३४० ग्रॅम, नंतर १,९५५. ३८५ ग्रॅम मैदा, दूध २१५ ला. उरलेल्या दोन पुढच्या रविवारी, ती परत येणार आहे.